सहा वाजू न देणारी बाई

३ मार्च, मंगळवार

आज दुपारी डोकं असं तापलं की दोन तांबे पाणी पिऊनही उतरेना. कारण लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे, लिहितो. कारण आहे एक कार्टून.

मुलीने फोनवर एक पान पाठवलं. 'लिफ्टवाले' ही परदेशी मालिका एकवीस वर्षांपूर्वी आपल्या भाषेतले आवाज घालून टीव्हीवर लागायची. लिफ्ट दुरुस्त करणारं एक कुटुंब: बाप, आई, दोन कार्टी आणि एक तोंडाळ पाना. तिचे चाहते अजून आहेत. चांगले नोकरीधंद्याचे लोक, पण एकेका भागावर असे तुटून पडतात की आमच्या युनियनची वार्षिक सभा त्यापुढे मौनव्रत वाटावी. कंपनी आता जुने भाग आवाज स्वच्छ करून पुन्हा आणणार आहे. जुन्या चुकांपैकी कोणत्या दुरुस्त करू आणि कोणत्या राहू देऊ, हे तिने चाहत्यांनाच विचारलंय. चौदा चुका आहेत. एकोणतीस तारखेला वाचनालयाच्या सभागृहात सगळे जमणार, एकेका चुकीवर हात वर करून मत देणार, आणि तो निकाल अखेरचा.

नववी चूक: 'अडकलेली लिफ्ट' या भागातल्या घड्याळवाल्या म्हातारीचा आवाज.

त्या भागात लिफ्ट मध्येच बंद पडते. आत बाप आणि एक चिडका भाडेकरू. वेळ काढायला बाप गोष्ट सांगतो, जहाजावरच्या आचाऱ्याची. गोष्टीत वादळ येतं, म्हणून आचारी कप्तानाला गोष्ट सांगतो, गावाच्या घड्याळाला किल्ली देणाऱ्या म्हातारीची. म्हातारीचा नवरा सहाला येतो सांगून तेल आणायला गेलाय. तो काही येत नाही, म्हणून ती सहा वाजूच देत नाही. काटा धरून बसते. गावातली शाळा सुटत नाही, दुकानं मिटत नाहीत, न्हावी त्याच गिऱ्हाइकाची दाढी करत राहतो. म्हातारी आपल्या बकरीला सांगते, "मी काही वाट बघत नाही. मला फक्त सहा वाजू द्यायचे नाहीत." तेवढ्यात लिफ्ट सुरू होते. बाप घाईघाईने वादळ उरकतो, जहाज किनाऱ्याला लावतो, पण म्हातारी तशीच टांगलेली राहते.

म्हातारीला एकंदर अकरा वाक्यं आहेत. ती माझ्या बायकोच्या आवाजात आहेत.

ती त्या स्टुडिओत संहिता टाइप करायची. नट येण्याआधी कोणीतरी सगळी वाक्यं चित्रावर वाचून बघायची असतात, चित्रातल्या तोंडांच्या हालचालींत ती बसतात की नाही ते. याला तिथे 'माप' म्हणतात. माप ही घ्यायची, हातात घड्याळ धरून. नंतर नट आले की माप पुसलं जायचं. त्या भागात म्हातारीची नटी आलीच नाही, आणि ध्वनिमुद्रक पुसायला विसरला. झालं. तेच माप घरोघर वाजलं.

आणि आता कोणी 'रिकामटेकडा' नावाचा इसम लिहितो, "बाई वाणसामानाची यादी वाचल्यासारखी बोलते, काढून टाका." चारशे लोकांनी त्याला अंगठा दाखवलाय, म्हणजे वर केलेला.

मी मुद्रितशोधक होतो. चुका शोधून पोट भरलं. ही चूक मी दुरुस्त होऊ देणार नाही.

५ मार्च, गुरुवार

चाहत्यांच्या पानावर नाव नोंदवलं. टोपणनाव लागतं. 'जुना वक्ता' ठेवलं.

पहिलंच टिपण दोन पानी झालं. म्हटलं, मित्रहो, गोष्टीच्या पोटातल्या गोष्टीत जसजसं आत जावं तसतसा रंग उतरला पाहिजे. बाप बोलतो तो रंगवून, आचारी बोलतो तो मीठमसाला लावून, पण सगळ्यात आत जी बसली आहे तिने रंगवावं कोणासाठी? बकरीसाठी? तिचा सपाट आवाज हीच त्या भागाची नाभी आहे. अभिनय बाहेरच्यांसाठी असतो. खरं बोलणाऱ्याला अभिनय लागत नाही.

संध्याकाळपर्यंत एकशे सात जणांना पटलं. रिकामटेकड्याने लिहिलं, "आजोबा, भाषण छान, पण बाई यादीच वाचतेय." त्याला मी उत्तर दिलं. उत्तर तीन पानी झालं.

ती बाई माझी बायको आहे हे मी कुठेही लिहिलेलं नाही. युक्तिवाद नात्यावर उभा करणं हा दुबळेपणा आहे. मुद्दा आपल्या पायांवर उभा राहिला पाहिजे.

८ मार्च, रविवार

मुलीचा फोन. तिने सगळं वाचलंय. हसली, मग म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत का?"

मी म्हटलं, काय विचारायचं? आपण कोणाची बाजू घेतो तेव्हा त्याची परवानगी घेतो का? संपात मी कामगारांची बाजू मांडायचो तेव्हा एकेकाला घरी जाऊन विचारत होतो काय?

ती म्हणाली, "नव्हतात विचारत. तेच म्हणतेय."

मुलीचं बोलणं हल्ली असं तुटक झालंय. नोकरीचा ताण असेल.

११ मार्च, बुधवार

खरं काय ते लिहून ठेवतो. ही मालिका लागायची तेव्हा मी एकही भाग पाहिला नव्हता. 'अडकलेली लिफ्ट' लागला त्या दिवशी ती म्हणाली होती, आज साडेसहाला बघ, गंमत आहे. मला युनियनची गेटसभा होती. सभा जोरदार झाली, एवढं आठवतं. परत आलो तेव्हा ती झोपली होती आणि ताट झाकलेलं होतं.

चार वर्षांपूर्वी ती वेगळी राहायला गेली. भांडण नाही, कागद नाही, वकील नाही. एक दिवस म्हणाली की तिला एक शांत खोली हवी आहे. मी म्हटलं, घरात आपण दोघंच, आणखी किती शांतता हवी? तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकांची एक पेटी बांधली. तिची खोली इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, शिंप्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला त्या बाजूला जातो, कारण तो रस्ता सपाट आहे.

ती गेल्यावर दोन वर्षांनी हा भाग पहिल्यांदा पाहिला, आणि संपल्याबरोबर पुन्हा लावला. सदतीस वर्षांची असतानाची तिची ती वाणी. घोगरी नाही, गोड नाही, धुतलेल्या पाटीसारखी. "मला फक्त सहा," मग एक थांबणं, मग "वाजू द्यायचे नाहीत." त्या थांबण्यात ती श्वास आत घेते. त्या श्वासासाठी मी तो भाग किती वेळा लावला याचा हिशेब नाही. माझी वाट बघतच ती बोलली असणार. दुसरं कोण होतं तिला वाट बघायला?

कोणी पट्टीची नटी आणून तो श्वास बुजवला, तर माझ्याकडे काय उरलं?

१४ मार्च, शनिवार

पानावर लढाई पेटली आहे. आमची बाजू वर. 'पाचवा मजला' नावाचे गृहस्थ माझं टिपण छापून कचेरीत लावलं म्हणतात. एका बाईंनी लिहिलं, वडील गेल्यापासून हा भाग बघत नव्हते, तुमचं वाचून पुन्हा पाहिला. रिकामटेकडाही नरमला, म्हणतो यादी तर यादी, पण आता ती यादी आवडायला लागली.

फक्त 'टाचणी' नावाची एक पोरगी हटत नाही. तिने आज लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो: "जुना वक्ता, तुम्ही या आवाजावर आतापर्यंत चाळीस पानं लिहिलीत. हा आवाज ज्या बाईचा आहे तिला नाव आहे का, असेल तर शेवटच्या नामावलीत का नाही, आणि तिला स्वतःला ही चूक वाटते की नाही, यावर एक ओळसुद्धा नाही. माझं मत, आवाज बदला आणि त्याच बाईंकडून नीट करून घ्या, नावासकट."

मी लिहिलं, बाळ, झऱ्याला नाव विचारायचं नसतं, पाणी प्यायचं असतं. दोनशे अंगठे.

टाचणीने उत्तर दिलं, "बाई म्हणजे झरा नव्हे, काका."

बोलायला चलाख आहे. आमच्या युनियनमध्ये असती तर पुढे गेली असती.

१९ मार्च, गुरुवार

ध्वनिमुद्रक रस्त्यात भेटला. म्हातारा झालाय, कानाला यंत्र लागलंय. माणसाचं ज्यावर पोट तेच आधी जातं. मी त्याला म्हटलं, तुमच्या विसरण्याने एक अमर गोष्ट घडवली, मी ती वाचवतोय. तो खूश होण्याऐवजी पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. म्हणाला, "साहेब, जरा हळू घ्या. आम्ही पण आमच्या बाजूने प्रयत्न करतोय." कसला प्रयत्न म्हटलं तर म्हणे वहिनींनी सांगायचं नाही म्हटलंय.

भल्या माणसांना म्हातारपणी गूढ बोलायची खोड लागते.

एकोणतीसच्या सभेत नवव्या चुकीवर 'राहू द्या' या बाजूने बोलायला आयोजकांनी मलाच बोलावलंय. नऊ मिनिटं. चार वर्षांनी माइक हातात येणार. आरशासमोर उभा राहिलो. आवाज अजून शाबूत आहे.

२२ मार्च, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी वाटलं, विजय जवळजवळ हातात आहे, हे तिला सांगावं. चार वर्षांत तिच्या दारापर्यंत कधी गेलो नव्हतो. जिने चढलो. दाराबाहेरून ऐकलं तर आत कोणी बोलत होतं. बाईचाच आवाज, पण जाडसर, खट्याळ. कोणी पाहुणी असेल म्हणून थांबलो. मग ऐकू आलं, "मला फक्त सहा वाजू द्यायचे नाहीत," आणि ते म्हणणारी बाई मजेत होती. सगळ्या गावाला वेठीला धरलंय आणि तिला ते आवडतंय, अशा चालीवर.

दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. टेबलाखाली गोधडी पांघरलेला एक ढीग होता, आणि तो ढीग बोलत होता.

तिने गोधडी बाजूला केली. घामाघूम. केस पांढरे झालेत, मला माहीत नव्हतं. आवाज घुमू नये म्हणून गोधडीत बसून सराव करते, म्हणाली, आणि उठताना माझा हात धरला नाही, टेबलाचा पाय धरला.

मग सगळं कळलं. ध्वनिमुद्रकाने कंपनीकडे शब्द टाकला होता. चाहत्यांनी 'बदला' म्हटलं, तर म्हातारी पुन्हा हिच्याकडूनच करून घ्यायची, नाव घालून. 'राहू द्या' म्हटलं, तर प्रश्न मिटला. गेले दोन महिने ती सराव करतेय. खालची शिंपीण तिला ऐकून चुका सांगते. ती शिंपीणच टाचणी.

मी म्हटलं, पण तो जुना आवाज, तो श्वास. "सहा" नंतर तू थांबतेस. ते पुन्हा नाही यायचं.

ती गोधडीची घडी घालत होती. "तो श्वास नाही रे. मी पान उलटत होते."

मी म्हटलं, तू तेव्हा माझी वाट बघत होतीस.

"तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते," ती म्हणाली. "आणि मी माप घेत होते. माझं लक्ष घड्याळावर होतं, वाक्य चार सेकंदांत बसतंय का बघायला."

चहा केला. दोघांचा केला, हे लिहून ठेवतो. कपाशी बोटं खेळवत तिने सांगितलं की तेव्हाही तिला हेच करायचं होतं. स्टुडिओतल्यांनी विचारलंही होतं, नुसतं माप कशाला घेता, छोटे आवाज करा. घरी येऊन मला सांगितलं. चार कार्यकर्ते बसले होते. मी म्हणालो होतो, एका घरात बोलणारी दोन तोंडं झाली तर ऐकायचं भिंतींनी का? सगळे हसले होते. तीही हसली होती.

मला हे आठवत नाही. प्रामाणिकपणे आठवत नाही. आयुष्यात इतकं बोललो की कोणतं वाक्य कोणाच्या घरात जाऊन राहिलं, याचा पत्ता माझ्याकडे नाही.

निघताना ती म्हणाली, "एक मागते. त्या दिवशी तू बोलू नकोस. माझ्या बाजूने नको, विरुद्ध नको. नुसता बस."

मी हो म्हणालो.

२५ मार्च, बुधवार

विचार करतोय. नुसतं गप्प बसून कसं भागेल? ही आग मी लावली. चाळीस पानांनी चारशे लोक फिरवले. आता मी तोंड मिटून बसलो तर 'राहू द्या' वाले माझीच वाक्यं म्हणून दाखवतील आणि जिंकतील. पेटवणाऱ्याने विझवायला नको? शब्द मोडण्यापेक्षा तिचं नुकसान होऊ देणं वाईट, हे कोणीही मान्य करेल.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आईने काय सांगितलंय?" मी सांगितलं. "मग प्रश्न कुठे आहे?"

तिला सभाशास्त्र कळत नाही.

२८ मार्च, शनिवार

भाषण तयार आहे. 'बदला' या बाजूचं. मी माझ्याच सगळ्या मुद्द्यांचा चुराडा करणार आहे. ती बाई कोण, तिने काय गमावलं, कोणी गमवायला लावलं, सगळं सांगणार. स्वतःला सोडणार नाही. तिला कळू दे की मी तिच्यासाठी भर सभेत स्वतःच्या विरुद्ध उभा राहू शकतो.

पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. कॉलर जरा उसवली आहे. शिंप्यांच्या गल्लीत द्यावा असं मनात आलं, दिला नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी अकराची सभा, दुपारी एकला घरी आलो. आता चार वाजलेत. लिहितो.

सभागृहात शंभरेक माणसं. माझ्या कल्पनेपेक्षा तरुण. रिकामटेकडा हा एक बँकेतला कारकून निघाला, टक्कल पडलेला, अतिशय सभ्य. माझ्या पाया पडायच्या बेतात होता. टाचणी पुढच्या रांगेत, गळ्यात मोजपट्टी तशीच. ती मला बघून मान हलवत नव्हती, नुसती बघत होती. शेवटच्या रांगेत दाराजवळ ध्वनिमुद्रक आणि त्याच्या शेजारी ती.

आधी टाचणी बोलली. चार मिनिटांत संपवलं. सरळ, बिनफुलांचं. टाळ्या बऱ्या पडल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, पोरीचं पटतंय. मला वाटतं, त्याच क्षणी मत घेतलं असतं तर. पण माझं नाव पुकारलं गेलं.

मी उठलो. तिच्याकडे पाहिलं. तिने मान एकदाच हलवली, अगदी थोडी, नाही अशी. मला तिचं म्हणणं कळलं. तरी मी माइकपर्यंत चालत गेलो.

म्हणालो, मी आज माझ्या विरुद्ध बोलायला उभा आहे. सभागृह चिडीचूप. तो चिडीचूपपणा मला ओळखीचा आहे. मग मी सगळं सांगितलं. की हा आवाज माझ्या बायकोचा आहे. ती मला हा भाग बघ म्हणाली आणि मी गेलो नाही. ती गेली आणि मी तिला ऐकायला बसलो. एका पान उलटण्याच्या आवाजाला मी दोन वर्षं श्वास समजत होतो. घरात दोन तोंडं नकोत असं मी चारचौघांत म्हणालो आणि ती हसली. शेवटी म्हणालो, माझ्याकडे तिचं एवढंच आहे, अकरा वाक्यं, आणि तरीही मी तुम्हाला हात जोडून सांगतो, ती माझ्यापासून घ्या आणि तिची तिला परत द्या.

नऊ मिनिटं बरोबर. पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. बँकेतला कारकून उघड रडत होता. उभं राहून टाळ्या. असं भाषण माझं आयुष्यात झालं नव्हतं, हे मी खाली बसता बसता मनात म्हटलं. म्हटलं हेही लिहून ठेवतो.

मग हात वर झाले. 'बदला': चौतीस. 'राहू द्या': एकसष्ट.

मला वाटलं मोजणीत चूक झाली. पुन्हा मोजा म्हटलं. पुन्हा एकसष्ट. कारकून माझ्याजवळ आला, हात हातात घेतला. म्हणाला, "काका, इतकं ऐकल्यावर तुमच्यापासून तो आवाज कोण काढून घेईल? आम्ही काय दगड आहोत?"

मी हात सोडवून घेतला आणि दाराकडे निघालो.

जिन्यात ती भेटली. ध्वनिमुद्रक दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी तुझ्याच बाजूने बोललो.

"हो," ती म्हणाली. "ऐकलं मी. सगळं खरं बोललास." पर्स काखेत नीट केली. "पण शंभर माणसं माझ्याबद्दल ठरवायला बसली होती आणि तू उभा राहिलास, मग ती तुझ्याबद्दल ठरवायला लागली. तू तुझ्याच बाजूने बोलला असतास ना, तर कदाचित मी जिंकले असते."

कठड्याला धरून ती उतरली. टाचणी मागून आली आणि माझ्याकडे न बघता गेली.

३० मार्च, सोमवार

कंपनीने कळवलं, नवव्या चुकीला हात लावणार नाही. आता ती कायमची राहील.

लावून पाहिलं. "मला फक्त सहा," आणि मग पान उलटलं. स्पष्ट ऐकू येतं. इतकं स्पष्ट की मला आधी ते कसं ऐकू आलं नाही, हेच कळत नाही. हातात घड्याळ धरलेली एक बाई वाक्य चार सेकंदांत बसतंय का बघतेय. ती कोणाचीही वाट बघत नाहीये. तिचं काम चाललंय.

बंद केलं.

२ एप्रिल, गुरुवार

पानावर लोक माझं भाषण टाकतायत. कोणीतरी चित्रित केलं होतं. हजारो अंगठे. माझ्या भाषणावर लोकांची मतं, मतांवर मतं. एकाने लिहिलंय, मूळ भागापेक्षा हे भाषणच सरस.

त्यांना म्हटलं, कृपा करून ते काढा. माझ्या या एका ओळीलाही सातशे अंगठे आले, नम्रता म्हणून.

माझं नाव पानावरून काढून टाकलं. मुलीने नुसतं "बरं केलंत" लिहिलं.

पाय मोकळे करायला आज दुसऱ्या बाजूने गेलो. तो रस्ता चढाचा आहे.

९ एप्रिल, गुरुवार

दुपारी तीनला फोन वाजला. तिचा. मी दोनदा नाव वाचलं, मग उचलला.

म्हणाली, आपली पोरगी उचलत नाहीये, मीटिंगमध्ये असेल, म्हणून तुला केला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

ध्वनिमुद्रकाने तिचा गोधडीतला सराव दुसऱ्या एका कंपनीला ऐकवला होता. मुलांची नवी मालिका, शेतातल्या प्राण्यांची. आज सकाळी तिला बोलावलं आणि एक कावळा दिला. म्हातारा, बढाईखोर, स्वतःला मोर समजणारा. सहा भागांत आहे. कावळ्याला बाईचा आवाज कसा चालेल असं तिथल्या पोराने विचारलं, तर हिने त्याला तिथेच करून दाखवला, आणि तो पोरगा हसून खुर्चीवरून घसरला. मग तिने मलाही करून दाखवला. फोनवर. मला हसू आलं, पण मी ते आत ठेवलं, मध्ये पडू नये म्हणून.

ती बोलत राहिली. काचेच्या खोलीत पंखा बंद ठेवतात, आवाज येतो म्हणून. कानावर घालायचं ते यंत्र केसांना अडकतं. शिंपीण तिला एक जाड पडदा शिवून देणार आहे, गोधडी उन्हाळ्यात सोसवत नाही. कावळ्याचं चौथं वाक्य तोंडात बसत नव्हतं, तर लिहिणाऱ्याला हिने सांगितलं, एक शब्द काढा, आणि त्याने काढला. तिच्या सांगण्यावरून काढला. हे तिने दोनदा सांगितलं.

मला तीन ठिकाणी बोलायचं होतं. कावळ्यावर माझं एक मत आहे. बढाईखोर पात्रं कशी करावीत यावर तर मी तासभर बोलू शकतो. फोन या कानावरून त्या कानावर घेतला, तेवढंच.

मग ती एकदम थांबली.

"आहेस का रे तू?"

"आहे," मी म्हटलं.

पलीकडून रस्त्यावरची कोणाची तरी घंटा ऐकू आली, आणि खालून शिलाई मशीन.

"बरं," ती म्हणाली. "मग तो कावळा दुसऱ्या भागात काय करतो, ऐक."

ऐकलं. काय करतो ते इथे उतरवत नाही. ते तिने सांगितलंय.